ठरले आणि ठरवले

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नवी भाषा शिकायला बसणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच पाहतात. पुण्यातल्या एका संध्याकाळच्या वर्गात मी जपानी शिकायला जाऊ लागलो, तेव्हा माझ्या भोवतीची बाके विशीतल्या मुलामुलींनी भरलेली होती. कुणाला जपानी कंपनीत नोकरी हवी होती, कुणाला प्रत्यक्ष जपानला जायचे होते. मला काय हवे होते ते मलाही धड सांगता आले नसते. नोकरीतून मोकळे झाल्यावर हाती आलेला वेळ कुठेतरी घालवायचा, एवढेच निमित्त. पण भाषा शिकणे हा दिसतो तितका निरुपद्रवी उद्योग नव्हे. परकी भाषा शिकता शिकता माणूस आपल्याच भाषेत केव्हा पकडला जाईल, याचा नेम नसतो. माझे तसेच झाले.

त्या दिवशी निश्चय आणि निर्णय कसे बोलून दाखवावेत, हा धडा चालू होता. आमच्या बाई मराठीच, पण बरीच वर्षे जपानात काढून आलेल्या. त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. दोन्हींत पुढच्या वर्षी जपानला जाण्याची गोष्ट होती. एकाचा शेवट होता 'कोतो नि शिमाशिता' आणि दुसऱ्याचा 'कोतो नि नारिमाशिता'. 'सुरु' म्हणजे करणे, 'नारु' म्हणजे होणे. वरची रूपे त्यांच्याच भूतकाळाची. पहिल्या वाक्यात जाण्याची गोष्ट मी केली आहे, दुसऱ्यात ती झाली आहे. हा भेद इतरांना समजावून देताना शिक्षकांना पुष्कळ खटपट करावी लागत असेल. आम्हाला तो एका क्षणात कळला. पहिले वाक्य म्हणजे 'जायचं ठरवलं' आणि दुसरे म्हणजे 'जायचं ठरलं'. एका 'व'चा काय तो फरक.

बाई म्हणाल्या, "आता एक ध्यानात ठेवा. जपानी माणूस आपलं लग्न ठरल्याची बातमी कचेरीत वरिष्ठांना सांगतो, तेव्हा तो दुसरं वाक्य वापरतो. लग्न करण्याचं झालं आहे, असं म्हणतो."

"प्रेमविवाह असला तरी?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले.

"तरीसुद्धा. मुलगी त्यानंच पाहिली, मागणी त्यानंच घातली, दिवसही त्यानंच नक्की केला. पण सांगताना म्हणायचं, असं झालं आहे बुवा."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझ्या कानात आईचा आवाज घुमत होता.

कोकणात आमचे घर होते. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर. परसात विहीर आणि विहिरीकडे जाताना लागणारी रातांब्याची दोन झाडे. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहत असे. दादा मुंबईला, ताई नागपूरला, मी पुण्याला. आई एकोणऐंशी वर्षांची झाली, त्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेलो. संध्याकाळची वेळ होती. आई ओटीवर सूप घेऊन आमसुले निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आई, घर विकायचं ठरलं."

तिने मान वर केली नाही. आमसुले निवडता निवडताच विचारले, "ठरलं? कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी मिळून."

"सगळे म्हणजे कोण रे? मी तर इथंच होते."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिनेही ते पुन्हा मागितले नाही. पावसाळ्यापूर्वी ती माझ्याबरोबर पुण्याला आली, आणि चौथ्या वर्षी गेली. ही गोष्ट घडून पुष्कळ वर्षे झाली. व्याकरणाच्या तासाला ती अशी समोर येऊन उभी राहील, असे मला वाटले नव्हते.

यावरून कुणी असे समजू नये की जपानी भाषेला ठामपणे बोलता येत नाही आणि ती नुसती होणाऱ्या गोष्टींचीच भाषा आहे. निश्चयाचे तिच्यात जितके बारकावे आहेत, तितके मला दुसरीकडे क्वचित आढळले. 'केश्शिन' म्हणजे मनाचा निश्चय, 'केत्सुइ' म्हणजे जाहीरपणे सांगण्याजोगा दृढ संकल्प, 'केत्सुदान' म्हणजे दोन वाटांपैकी एक कापून टाकणारा निर्णय. या तिन्ही शब्दांच्या आरंभी जे एक अक्षरचित्र येते, त्याच्या डाव्या बाजूला पाण्याची खूण आहे. बांध फोडून पाण्याला वाट करून देणे हा त्या चित्राचा मूळचा अर्थ, आणि नदीचा बांध फुटतो तेव्हा आजही तेच चित्र लिहितात. निश्चय म्हणजे घट्ट आवळलेली मूठ, अशी आपली कल्पना. त्या चित्रात निश्चय म्हणजे फुटलेला बांध आहे. एकदा पाणी सुटले की ते मागे घेता येत नाही.

'काकुगो' हा आणखी एक शब्द. मुळात तो बौद्धांचा. जागे होणे, उमगणे असा त्याचा अर्थ. आज तो जे येईल ते सोसायची मनाची तयारी या अर्थाने वापरतात. म्हणजे निश्चय करणाऱ्याने आधी डोळे उघडावेत, त्याची किंमत पाहून घ्यावी, आणि मग हो म्हणावे.

आणि 'यात्ते मिसेरु' ऐकले, तेव्हा तर मला चुलतभाऊ भेटल्यासारखे झाले. 'यात्ते' म्हणजे करून, 'मिसेरु' म्हणजे दाखवीन. करून दाखवीन! 'यात्ते मिरु' म्हणजे करून पाहीन. पोटच्या पोराने शाळेतून येऊन दप्तर आपटत म्हणावे तसे, शब्दाला शब्द जुळणारे हे वाक्य हजारो कोसांवरच्या, आपल्या भाषेशी रक्ताचे नाते नसलेल्या भाषेत बसले आहे. आरंभशूराला ते 'मिक्का-बोझु' म्हणतात, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. मुंडन केले, चीवर घातले, आणि चौथ्या दिवशी घरी परत. निश्चयाची थोरवी आणि निश्चयाची फजिती या दोन्ही गोष्टी तिथल्या लोकांनी आपल्याइतक्याच जवळून पाहिल्या आहेत.

मग प्रश्न असा की, निश्चयाचे एवढे शब्द पदरी असताना ही माणसे स्वतःच केलेल्या गोष्टीला 'झाली' का म्हणतात?

याचे एक उत्तर सरळ आहे आणि ते खोटेही नाही. लग्न दोघांचे असते. त्याला दोन घरांचा होकार लागतो. नोकरीतल्या माणसाने रजा घेतली तर त्याचे काम शेजारच्याच्या माथी जाते. अशा वेळी 'मी ठरवले' असे छातीवर हात मारून सांगणे म्हणजे जे अनेकांच्या सोसण्यातून उभे राहिले, ते एकट्याच्या नावावर चढवणे. तोच माणूस 'झाले' म्हणतो तेव्हा तो आपल्या वाक्यात इतरांना जागा करून देतो. आपल्याकडेही मुलीचा बाप 'लग्न ठरलं' असेच म्हणतो. 'मी लग्न ठरवलं' असे म्हणणारा बाप आपल्याला जरा मग्रूर वाटतो. इकेगामि योशिहिको या भाषापंडितांनी १९८१ साली 'करणे' आणि 'होणे' यांच्या भाषाशास्त्रावर एक पुस्तकच लिहिले. काही भाषांचा ओढा घटनेतला कर्ता उचलून दाखवण्याकडे असतो, तर जपानीसारख्या भाषांचा ओढा सगळी घटना होऊ देण्याकडे, असे त्यांचे म्हणणे. या ओढ्यात मला एक प्रकारची शालीनता दिसते. जगात जे घडते त्यातले माझे किती, हा हिशेब या भाषेने थोडा सैल सोडला आहे.

या शालीनतेची शिस्तही त्यांनी बसवली आहे. 'नेमावाशि' हा शब्द आता व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून जगभर गेला आहे. मूळचा तो माळ्यांचा. मोठे झाड एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावायचे असेल, तर माळी पुष्कळ आधीपासून त्याच्या मुळांभोवती खणतो. जाड मुळे थोडी थोडी छाटतो, म्हणजे बुंध्याजवळ बारीक तंतुमुळे फुटतात आणि नव्या मातीत झाड जीव धरते. कचेरीतही तसेच करतात. सभेत एखादी गोष्ट मांडायची, तर आधी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन बोलायचे, कुणाची काय अडचण आहे ते समजून घ्यायचे. मग 'रिंगि' नावाचा लेखी प्रस्ताव खालून वर टेबलाटेबलावरून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उठवतो. सभा भरते, तेव्हा गोष्ट ठरूनच गेलेली असते.

नेमावाशीचा अर्थ बाईंनी सांगितला, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीही नेमावाशी केली होती. आईला मी सांगितले की सगळ्यांनी मिळून ठरवले. खरे काय होते ते आता लिहितो. गिऱ्हाईकाशी माझे बोलणे दोन महिने आधीच झाले होते आणि किंमतही जवळजवळ नक्की झाली होती. त्यानंतर मी दादाला फोन केला आणि म्हणालो की ताईचे मत विकावे असे दिसते. मग ताईला फोन केला आणि सांगितले की दादाची तयारी आहे. दोघांनाही वाटले की गोष्ट दुसऱ्यानेच ठरवली आहे. आपण एकट्याने मोडता घालून वाईट का व्हा? शिक्के पडले. मुळांभोवती खणण्याचे काम मी मोठ्या कुशलतेने केले. फक्त ज्या झाडाला हलवायचे होते, त्याला तेवढे विचारले नाही.

घर विकणे चूक होते असे मी म्हणत नाही. आईच्याने तिथे एकटीने राहणे होत नव्हते. एकदा ती परसात पडून दोन तास तशीच होती. घर विकावे लागले नसते असे नाही. माझा अपराध विकण्यात नव्हता, वाक्यात होता. मी ठरवले होते आणि मी म्हणालो, 'ठरलं'.

घराची गोष्ट आणि राष्ट्राची गोष्ट एका तराजूत घालू नये, हे मी जाणतो. पण वाक्य जर तेच असेल तर ते मोठ्या जागी काय करते, तेही पाहायला हवे. ६ सप्टेंबर १९४१ रोजी टोकियोत सम्राटांच्या समोर एक परिषद झाली. अमेरिकेने तेल तोडले होते. वाटाघाटी चालू होत्या. त्या दिवशी संमत झालेल्या मसुद्यात असे होते की, युद्धालाही नकार न देण्याच्या निर्धाराने ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत युद्धाची तयारी पुरी करावी, आणि ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत वाटाघाटींतून काही निष्पन्न होईलसे न दिसल्यास युद्धाचा निर्णय घ्यावा. शब्द 'केत्सुइ'च आहे, दृढ संकल्प. पण संकल्प कशाचा? युद्ध करण्याचा नव्हे, युद्धाला नकार न देण्याचा. सम्राटांनी त्या परिषदेत आपल्या आजोबांची शांततेची इच्छा सांगणारी कविता वाचून दाखवली. सर्वांनी ती आदराने ऐकली आणि मसुदा मंजूर झाला.

महिना उलटला. १२ ऑक्टोबरला पंतप्रधान कोनोए यांनी आपल्या ओगिकुबोच्या घरी मंत्र्यांना बोलावले. अमेरिकेशी युद्ध झाले तर त्याचा मुख्य भार आरमारावर पडणार होता, आणि आरमाराच्या धुरिणांना जिंकण्याची खात्री नव्हती. तरी आरमारमंत्री ओइकावा 'आम्हाला हे युद्ध नको' असे म्हणाले नाहीत. निर्णय पंतप्रधानांवर सोपवतो, असे ते म्हणाले. लष्करमंत्री तोजो यांचे म्हणणे असे की, ६ सप्टेंबरला जे ठरले आहे त्यावरून मागे कसे जायचे? पंतप्रधानांनी चार दिवसांनी राजीनामा दिला. ज्यांनी सप्टेंबरमध्ये ठरवले होते, त्यांच्यावरच ऑक्टोबरमध्ये ते 'ठरलेले' चालून आले. १ डिसेंबरच्या परिषदेत युद्ध नक्की झाले आणि आठ तारखेला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले.

युद्धानंतर टोकियोत खटला चालला, १९४६ पासून १९४८ पर्यंत. आरोपींच्या पिंजऱ्यात राज्य चालवलेली माणसे होती. एकामागून एक त्यांतल्या कित्येकांनी सांगितले की, माझे वैयक्तिक मत विरुद्ध होते, पण तसे ठरले होते म्हणून मी चाललो. मारुयामा मासाओ हे राजकीय विचारवंत साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झालेले. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा त्याच शहराच्या बंदर-भागात होते. त्यांनी १९४९ साली या साक्षींवर एक निबंध लिहिला. त्यांना त्यांत दोन गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या. एक, जे होऊन गेले त्याच्यापुढे मान तुकवणे. दुसरी, 'ते माझ्या अधिकारात नव्हते' या आडोशाला जाऊन उभे राहणे. या सगळ्याला त्यांनी बेजबाबदारीची व्यवस्था असे नाव दिले. पुढे १९७२ साली त्यांनी जपानी इतिहासदृष्टीच्या तळाशी असलेल्या थराचा शोध घेतला, तेव्हा त्यांच्या हाती जे शब्द लागले, त्यांत एक होता 'नारु'. एकामागून एक गोष्टी आपोआप होत जातात, त्यांना आपला एक वेग असतो, आणि माणूस त्या वेगात असतो.

लग्नाची बातमी सांगणाऱ्या तरुणाच्या तोंडी जो शब्द शालीन वाटला, तोच इथे ऐकताना अंगावर शहारा येतो. शब्द बदललेला नाही. मग बदलले काय?

कुणी म्हणेल, सोपे आहे. 'नारु' टाकून द्या आणि 'सुरु'च धरा. प्रत्येकाने आपल्या निर्णयाला 'मी' लावावा. पण 'मी' लावल्याने तरी सुटका होते का? 'करून दाखवीन' हे वाक्य बोलणाऱ्याचे लक्ष पुष्कळदा करण्यापेक्षा दाखवण्यावर असते. जपानीत इरादा सांगायचा झाला तर 'त्सुमोरि' हा शब्द येतो. बर्फ साठत जाते त्या साठण्याच्या क्रियापदापासून तो आला आहे. मनात थराथराने साठलेला तो इरादा. पण गंमत अशी की न केलेली गोष्ट केली असे वाटणे, यालाही हाच शब्द चालतो. 'केल्याचा त्सुमोरि' म्हणजे आपण केले असा समज, पण प्रत्यक्षात केलेले नाही. इराद्याला आणि भ्रमाला एकच शब्द! ज्याने हा प्रयोग रूढ केला त्याला मोठमोठ्याने निश्चय बोलून दाखवणाऱ्यांचा चांगला अनुभव असला पाहिजे. 'मी'चा घोष करणारे निर्णयाचे श्रेय घेतात. वाईट झाले की त्यांनाही परिस्थिती आठवते. आडोसा व्याकरणात नसला तर माणूस तो दुसरीकडे बांधतो.

क्योतोच्या कियोमिझु देवळाचा एक लाकडी सज्जा आहे. आजचा सज्जा १६३३ सालचा. टेकडीच्या उतारावरून तो सुमारे तेरा मीटर उंच पुढे काढलेला आहे. मोठा निर्णय घेणे याला जपानीत 'कियोमिझुच्या सज्जावरून उडी घेणे' असे म्हणतात. आपण परतीचे दोर कापतो, ते उडी घेतात. मात्र हा नुसता वाक्प्रचार नव्हे. लोक खरोखरीच उड्या घेत. तिथली देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. नवस बोलून उडी घेतली तर तो झेलतो आणि मागणे पुरे करतो, अशी श्रद्धा होती. देवळाच्या एका मठाच्या रोजनिशीत १६९४ ते १८६४ या काळातल्या २३४ उड्यांची नोंद आढळते. त्यांत ३४ माणसे दगावली, बाकीची वाचली. खाली तेव्हा दाट झाडी होती आणि माती मऊ होती. १८७२ साली सरकारने या प्रकाराला बंदी घातली.

त्या उडीकडे पाहताना मला 'करणे' आणि 'होणे' यांचे भांडण जरा वेगळे दिसू लागले. कठड्यावरून पाय उचलणे हे करणे आहे. ते दुसरा कुणी आपल्यासाठी करू शकत नाही. पाय सुटल्यानंतरचे सगळे होणे आहे. तिथे झाडाची फांदी आणि अवलोकितेश्वराची कृपा. प्रत्येक खऱ्या निर्णयात हे दोन्ही असतात. उडी मीच घेतली आणि मीच तरलो असे म्हणणारा फांदीला विसरतो. मी खाली आलो, कसा ते ठाऊक नाही, असे म्हणणारा आपल्या पायाला विसरतो. पहिला उद्धट आहे. दुसरा मात्र धोक्याचा, कारण उद्या तो दुसऱ्यालाही कठड्यावरून खाली 'होऊ' देईल.

याच जपानने, याच काळात, पाय उचलणारा एक माणूसही दाखवला. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनास शहरी सुगिहारा चिउने हे जपानचे उपवाणिज्यदूत होते. पोलंडमधून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांची रांग त्यांच्या कचेरीबाहेर लागली. जपानमार्गे पुढे जाण्याचा परवाना मिळाला तर या माणसांना जीव वाचवण्याची एक वाट होती. पण परवाना कुणाला द्यायचा याचे नियम होते: पुढच्या देशात प्रवेशाची परवानगी हवी, प्रवासापुरता पैसा हवा. सरकारी नियम सांगायला जपानीत 'नारु'चेच एक रूप आहे, 'कोतो नि नात्ते इरु'. म्हणजे, असे ठरलेले आहे. कुणी ठरवले ते त्यात विचारायचे नसते. सुगिहारांनी टोकियोला पुन्हा पुन्हा तारा केल्या आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर आले. मग त्यांनी परवाने लिहायला घेतले. कचेरी बंद होईपर्यंत ते हाताने लिहीत राहिले. त्यांच्या यादीत २,१०० हून अधिक नावे आहेत. एकेका परवान्यावर कित्येकदा सबंध कुटुंब निघाले. १९४७ साली परराष्ट्र खात्यातली त्यांची नोकरी गेली. इस्रायलने १९८४ साली त्यांचा सन्मान केला, १९८६ साली ते वारले, आणि त्यांच्या सरकारने त्यांच्या घरच्यांची मनापासून क्षमा मागितली ती २००० साली.

सुगिहारांची मातृभाषा जपानीच होती. ओइकावांचीही तीच. 'ठरलेले आहे' हे वाक्य दोघांच्याही समोर आले. तेव्हा भाषेला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. भाषा दोन दारे उघडी ठेवते. कुठल्या दारातून जायचे ते माणसाचे माणसालाच पाहावे लागते.

म्हणून मला वाटते, निश्चयाची परीक्षा तो कोणत्या शब्दांत सांगितला यावर होत नाही. तो सांगून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नावर होते. तो प्रश्न माझ्या आईने विचारला होता. 'कुणी ठरवलं?' लग्न ठरल्याची बातमी देणाऱ्या त्या तरुणाला कुणी हे विचारले तर तो लाजेल, आणि म्हणेल, 'मीच'. त्याच्या 'झाले'च्या मागे एक 'मी' उभा आहे. सौजन्य म्हणून तो एक पाऊल मागे सरला आहे इतकेच. बोलावले की पुढे येतो. ओगिकुबोच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला असता तर प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले असते. तिथल्या 'झाले'च्या मागे कुणीच उभे नव्हते. ज्या 'ठरलं'ला हाक मारल्यावर 'ओ' येते, ती विनम्रता. ज्याला हाक मारली तरी आतून काहीच उत्तर येत नाही, ते रिकामे घर.

आणि हाक मारणारा पुष्कळदा तोच असतो, ज्याच्या जिवावर ती गोष्ट ठरलेली असते. म्हणून उत्तर द्यायचे ते त्याला. इतरांना काय सांगायचे ते सांगा. समाजाशी शालीनपणे बोला, शिक्के गोळा करा, वाक्यात दहा जणांना जागा द्या. पण ज्याचे झाड मुळासकट हलणार आहे, त्याच्यासमोर 'नारु' म्हणू नये. आई आमसुले निवडत होती, तेव्हा मी म्हणायला हवे होते, "आई, घर विकायचं मी ठरवलं आहे." ती कदाचित भांडली असती. तिच्यापाशी भांडायला निदान कुणीतरी असते. मी तिच्या समोर बसलो होतो, आणि भांडायला तिला कुणी ठेवले नव्हते.

धड्याच्या शेवटी बाईंनी स्वाध्याय दिला होता: आपल्या आयुष्यातल्या एखाद्या निर्णयाविषयी एक वाक्य लिहा. मी वहीत लिहिले, 'हाहा नो इए ओ उरु कोतो नि शिमाशिता.' आईचे घर विकायचे मी ठरवले. पुढच्या आठवड्यात वही परत आली. वाक्याखाली तांबड्या शाईने बाईंनी लिहिले होते, "व्याकरण बरोबर. पण अशा वेळी जपानी माणूस 'नारिमाशिता' म्हणेल. ते जास्त स्वाभाविक वाटतं."

त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मी वही मिटून ठेवली. वाक्य बदलले नाही.